रिकामा सभामंडप

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या सभेत सभामंडपाचा प्रश्न निघाला आणि तो त्या दिवशी सुटला नाही. मंडप आठवड्यातील बरेच दिवस रिकामा पडून असतो. छताची दुरुस्ती दोन पावसाळे लांबली आहे. तेव्हा तो लग्न, मुंज, वाढदिवस अशा कार्यांसाठी भाड्याने द्यावा, अशी सूचना आली. सूचना करणारे सभासद देवस्थानाचे हितचिंतकच आहेत आणि विरोध करणारेही तसेच. बोलता बोलता आवाज चढले, आणि शेवटी विषय पुढील सभेवर ढकलून मंडळी प्रसाद घेऊन घरी गेली. नंतर संपादकांनी आम्हांस सांगितले की, तू रोज त्या मंडपात वावरतोस, तुला काय वाटते ते लिहून दे.

आमचे शिक्षण शाळेपुरतेच. पुढे जे काही वाचले ते मंदिराच्या कपाटातील पुस्तकांतून आणि इकडून तिकडून मिळवून. म्हणून हा लेख पंडिताचा म्हणून वाचू नये. दुसरीही एक गोष्ट आरंभीच सांगून टाकणे बरे. मंडप भाड्याने गेला तर त्यात आमच्या घराचा लाभ आहे. एका लग्नाचे भाडे आमच्या तीर्थरूपांच्या दोन महिन्यांच्या मानधनाएवढे होईल, आणि त्यातून मानधन वाढविण्याची गोष्ट सभेत निघालीही होती. तीर्थरूप त्या वेळी मान खाली घालून बसले होते. तेव्हा आम्ही पुढे जे लिहितो ते ज्याचे हात त्या तव्यावर भाजलेले आहेत अशा माणसाचे लिहिणे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा दिसतो, पण त्याच्या तळाशी निराळाच प्रश्न आहे असे आम्हांस वाटते. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा काय? शेत पडीक ठेवले तर लोक आळशी म्हणतात. पैसा पेटीत पडून राहिला तर मूर्ख म्हणतात. मग चार खांबांवर उभे असलेले, सतरंजी अंथरलेले, पंखा असलेले आणि माणूस नसलेले दालन दिसले की, ‘याचा काही उपयोग करा’ असे सुज्ञ माणसास वाटणे साहजिक आहे. आम्हांलाही वाटते. सकाळी केरसुणी घेऊन तो मंडप झाडताना, ज्यावर काल कोणी बसलेच नाही ती सतरंजी आपण पुन्हा झटकतो आहोत, हे मनात येतेच.

हा मंडप मुळात का बांधला गेला हे तरुण सभासदांस बहुधा ठाऊक नसावे. मराठी माणूस भोपाळास प्रथम आला तो घोड्यावर बसून. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामास येथेच कोंडले आणि १७३८ च्या आरंभी दोराहा येथे तह झाला. त्या घोडदळाशी आपल्या मंडळाचा काही संबंध नाही. आपण आलो ते फायलींच्या गाठोड्यांबरोबर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, विदर्भ त्यातून निघून मुंबई राज्यात गेला आणि राजधानी नागपूरहून भोपाळास आली. तिच्यामागून कारकून आले, शिक्षक आले, लेखापाल आले. पाठोपाठ पिपलानीच्या बाजूस वीजसामग्रीचा मोठा कारखाना उभा राहिला, तेव्हा यंत्रांवर काम करणारे आले. तात्या टोपे नगरातल्या दोन खोल्यांच्या सरकारी घरांत संसार मांडले गेले. नाव मराठी वीराचे, शेजार हिंदी आणि उर्दू बोलणारा, आणि घर एवढे लहान की बारशाला पाच बायका आल्या तर सहावीने जिन्यात उभे राहावे. नागपूरच्या वाड्याचे अंगण कोणी बरोबर आणू शकले नव्हते. तेव्हा वर्गणी काढून जे उभे केले ते प्रथम अंगण होते आणि मग मंदिर. निदान आमच्या आजोबांचे मत तसे होते, आणि ते येथील पहिले पुजारी होते. मूर्ती लहान आणि मंडप मोठा, याचे नवख्यास नवल वाटते. त्याचे कारण हे आहे.

ती सरकारी घरे आता बरीचशी पाडली गेली. मंडळी कोलार मार्गावर, अरेरा कॉलनीत, आणखी दूर नव्या वसाहतींत विखुरली. आज सभासदांच्या घरात बैठकीची खोली आहे, वाढदिवसाला हॉटेल आहे. ज्या अडचणीपोटी मंडप जन्मला ती अडचण उरली नाही. म्हणजे भाड्याची सूचना करणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही.

विरोधकांनी त्या दिवशी सभेत १९८४ ची आठवण काढली. ती आम्ही आजीकडून अनेकदा ऐकली आहे. डिसेंबरच्या २ आणि ३ तारखेमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. जुन्या शहरातून, स्टेशनच्या बाजूने, माणसे अंथरुणातून उठून वाट फुटेल तिकडे पळत सुटली, आणि त्यांतील कितीतरी पायी नव्या शहराकडे आली. पहाटे आजोबा नित्याप्रमाणे उठले तर आवाराच्या फाटकाशी माणसे बसलेली. डोळ्यांस पदर, तोंडास उपरणे, खोकल्याची उबळ थांबेना. आजोबांचे सोवळे कडक. आम्हां नातवंडांना स्नानाखेरीज गाभाऱ्याच्या पायरीस हात लावू देत नसत. त्यांनी मंडपाचे दार उघडले, सतरंज्या पसरल्या आणि देवाच्या पाण्याची पिंपे बाहेर आणून लोकांच्या डोळ्यांवर पाणी घालावयास सुरुवात केली. नावे कोणी विचारली नाहीत. बुरख्यातील दोन बायका खांबाशी टेकून होत्या, त्यांपैकी एकीच्या मांडीवर तान्हे मूल होते. आजी म्हणे, ते मूल दुपारपर्यंत रडले नाही आणि याचीच सर्वांना भीती वाटत होती. दुपारी ते रडले. त्या दिवशी नैवेद्य संध्याकाळी झाला.

या आठवणीवरून विरोधक म्हणतात: पाहा, मंडप रिकामा होता म्हणून कामास आला. आम्हांस हा युक्तिवाद पटत नाही. त्या रात्री मंडपात लग्नाचे वऱ्हाड उतरलेले असते तरी वऱ्हाडातील लोकांनी दार उघडलेच असते. माणसे इतकीही वाईट नसतात. संकटाच्या रात्रीवरून रोजच्या संध्याकाळचा न्याय करू नये. संकटात सगळेच दार उघडतात. प्रश्न आहे तो मंगळवारचा, ज्या दिवशी काहीच घडत नाही.

आपल्या पूर्वजांनी एकत्र बसण्यास फार मान दिला. अथर्ववेदात सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन कन्या म्हटल्या आहेत, आणि ऋग्वेदाचे अगदी शेवटचे सूक्त एकत्र येण्याविषयीच आहे. तीर्थरूप ते सूक्त वार्षिक सभेच्या आरंभी म्हणतात आणि त्यानंतर अर्ध्या घटकेत भांडण सुरू होते, हा भाग निराळा. पण सभेत बसले की माणूस आपोआप भला होतो असे मात्र आपल्या ग्रंथांनी कोठे सांगितलेले नाही. महाभारतातील अत्यंत लाजिरवाणा प्रसंग कोठे घडला? अरण्यात नव्हे, रणांगणावरही नव्हे. भर सभेत घडला, वडीलधारी मंडळी आसनांवर बसलेली असताना. द्रौपदीने प्रश्न विचारला आणि भीष्मांसारख्या ज्ञात्याला त्याचा निर्णय देता आला नाही. उभा राहून बोलला तो विकर्ण, कौरवांतलाच एक धाकटा भाऊ. सभागृह उत्तम होते, उपस्थिती भरपूर होती.

गावच्या चावडीचेही तेच. आमच्या आजोबांच्या गावी चावडी होती. पाटील-कुळकर्णी तेथे बसत, सारा तेथे गोळा होई, वाटसरू तेथे पथारी टाकी. जमिनीच्या नोंदी गावकऱ्यांसमोर वाचून दाखविण्यास महाराष्ट्रात आजही चावडीवाचन म्हणतात, यावरून त्या जागेचे महत्त्व कळावे. चार माणसांसमोर मोठ्याने वाचले गेले की खोटे लिहिणे कठीण होते. पण त्या चावडीवर सर्व गाव चढत होते काय? कित्येकांनी खाली उन्हात उभे राहूनच आपला निकाल ऐकावयाचा, अशी रीत होती. देवळांचीही तीच कथा. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांस उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. ज्या मंडपात ‘सर्व समाज’ जमतो असे आपण म्हणतो, त्या ‘सर्व’ या शब्दाबाहेर कोण उभे आहे हे दारापाशी जाऊन पाहिल्याखेरीज कळत नाही.

याच्या उलट बाजूचीही उदाहरणे आहेत. रत्नागिरीस भागोजीशेठ कीर यांनी स्वतःचा पैसा घालून पतितपावन मंदिर बांधले, ते १९३१ साली सर्व जातींस खुले झाले. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या आणि मालकी स्वतःकडे ठेवली नाही. ते गावात येत ते हाती खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडीत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनास बसवीत. आधी झाडणे, मग बोलणे. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव सामुदायिक प्रार्थनेचा प्रसार केला. विदर्भातून आलेल्या आपल्या जुन्या सभासदांनी लहानपणी त्या प्रार्थनेत रांगेने बसल्याचे आम्ही ऐकले आहे. या दोघांनाही शाळेचे शिक्षण आमच्याहून कमी, हे लिहिताना आम्हांस थोडा धीर येतो.

आता एक दूरची गोष्ट. आपल्याच एका सभासद कुटुंबाचे चिरंजीव अमेरिकेत नोकरीस आहेत. गेल्या खेपेस आले तेव्हा त्यांनी सांगितले की, तेथे आसपासच्या गावांतील मराठी कुटुंबे गणेशोत्सव करतात तो शेतकऱ्यांच्या एका जुन्या लाकडी सभागृहात. त्यास तिकडे ‘ग्रेंज हॉल’ म्हणतात. ग्रेंज म्हणजे मूळ अर्थाने धान्याचे कोठार. आम्हांस कुतूहल वाटले म्हणून त्याविषयी वाचले. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर ऑलिव्हर केली हा गृहस्थ शेतीखात्याच्या कामासाठी दक्षिणेकडील राज्यांत हिंडला आणि तेथील शेतकऱ्यांची दैना पाहून १८६७ साली त्याने काही सहकाऱ्यांसह ही शेतकऱ्यांची संस्था काढली. तिकडे शेतकरी गावात राहत नाही, आपल्या शेतावरच राहतो. हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे शेजाऱ्याचे तोंड दिसत नसे. त्या एकलेपणावर उपाय म्हणून खेड्याखेड्यांत सभागृहे झाली. स्त्रियांना आरंभापासून पुरुषांच्या बरोबरीने सभासद केले, आणि त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. आम्हांस विशेष मौज वाटली ती ही की, वेदीवर उघडे बायबल ठेवणाऱ्या या लोकांच्या सभेत धान्याची, फळांची आणि फुलांची अशा तीन जुन्या रोमन देवतांच्या नावाने तीन आसने असतात आणि त्यांवर स्त्रिया बसतात. अन्नपूर्णेची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

या मंडळींनी एकत्र बसून पुष्कळ केले. अवजारे एकजुटीने स्वस्तात विकत घेतली, सहकारी दुकाने काढली, आगगाडीच्या आणि कोठारांच्या मालकांनी चालविलेल्या लुटीविरुद्ध कायदे करवून घेतले; १८७७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे दर ठरविण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. पुढे दुकाने बहुतेक बुडाली आणि सभासदही फार घटले. सभागृहे मात्र कितीतरी ठिकाणी उभी राहिली. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणावा आणि सर्वांनी वाटून खावा, एवढेच काही ठिकाणी उरले. जेथे छप्पर दुरुस्त करण्यापुरतीही वर्गणी जमेना, तेथे त्यांनी सभागृह भाड्याने द्यावयास काढले. आणि म्हणूनच आपला गणपती तेथे बसू शकला!

ही हकीकत ऐकून आमच्या मनातली एक आढी सैल झाली. भाडे म्हणजे पावित्र्याचा विक्रय, असे जे आम्ही समजत होतो ते तितकेसे खरे नव्हे. परक्या गावी परक्या माणसास पैसे देऊन का होईना पण मानाने आत येता येते, तर ते दार बंद असण्यापेक्षा बरेच. आपला मंडप सध्या कोणासाठी उघडा आहे? ‘सर्वांसाठी’ असे आपण म्हणतो. पण किल्ली आमच्या घरी खुंटीवर असते, आणि येथे आम्हांस आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे.

गेल्या श्रावणात एक वृद्ध गृहस्थ रोज सायंकाळच्या आरतीनंतर मंडपात येऊन बसू लागले. ते सभासद नव्हते. भजनात भाग घेत नसत, कोणाशी फारसे बोलत नसत. उजवीकडच्या खांबाशी पाठ टेकून नऊ वाजेपर्यंत बसत आणि निघून जात. त्यांच्यासाठी एक पंखा आणि एक दिवा चालू ठेवावा लागे. एके दिवशी आम्हांस मित्रांकडे क्रिकेटचा सामना पाहावयास जावयाचे होते. ‘आजोबा, उठा’ असे तोंडाने म्हणण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आम्ही प्रथम लांबचे दिवे मालवले, मग पंखा बंद केला, मग किल्ल्यांचा जुडगा उगाच वाजवीत त्यांच्याजवळून दोनदा गेलो. ते उठले. अंधारात त्यांना चप्पल सापडेना, तेव्हा मात्र आम्ही शोधून दिली, आणि तेवढ्यावरच आपण सभ्यपणे वागलो असे मनाशी म्हणून सामना पाहावयास गेलो.

त्यानंतर ते आले नाहीत. तीन आठवडे झाले तेव्हा आम्हांस चुटपुट लागली. विचारपूस केली असता कळले की, त्यांची पत्नी गेल्या वर्षी वारली. मुलाच्या घरी नातवाची परीक्षेची तयारी चालू होती, खोली एकच रिकामी, म्हणून संध्याकाळी ‘बाबा, जरा फिरून या’ असे त्यांना सांगण्यात येत असे. फिरण्याइतके गुडघे चालत नव्हते. आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि काय बोलावे ते न सुचून, ‘तुम्ही येत का नाही?’ असे विचारले. ते म्हणाले, ‘अरे, तुलाही कामे असतात.’ रागावले असते तर बरे झाले असते. हल्ली ते कधीमधी येतात, पण साडेआठ वाजले की आमच्याकडे पाहतात.

तेव्हा भाड्याविरुद्ध बोलताना आम्ही जपून बोलतो. त्या गृहस्थांना बाहेर काढणारा भाडेकरू नव्हता. आणि सभेत जे सभासद मंडपाच्या रिकामेपणाचे गोडवे गात होते, त्यांना विनयाने विचारावेसे वाटते की, गेल्या एकादशीच्या भजनाला आपण किती जण होतो? पेटीवाले धरून सात. रिकामी जागा राखून ठेवणे निराळे आणि ती टाकून देणे निराळे. जागा राखलेली असेल तर तेथे कोणीतरी वाट पाहत बसलेले असते. दिवा लावलेला असतो, पाण्याचा माठ भरलेला असतो. टाकलेल्या जागेला फक्त कुलूप असते. आपल्याकडे गेली काही वर्षे कुलूपच आहे, आणि ते आम्ही लावले आहे.

पण भाड्याच्या बाजूचेही आम्हांस पूर्ण पटत नाही. त्यांचे म्हणणे असे की, पैसे देणारा जागेची कदर करतो. असेलही. परंतु पैसे देऊन जो येतो तो काहीतरी ठरवून येतो. त्याचे कार्य असते, निमंत्रणाची यादी असते. त्या वृद्ध गृहस्थांचे काही कार्य नव्हते. त्यांना कोणी निमंत्रण दिले नसते. ज्याला कारण सांगता येत नाही अशा माणसाला बसता येईल अशी शहरात जागा कोणती? चहाच्या दुकानात चहा घ्यावा लागतो, बागेत पाऊस येतो, दवाखान्यात आजारी असावे लागते. देवळात मात्र ‘का आलात?’ असे विचारण्याची पद्धत नाही. ही पद्धत आपण शोधून काढलेली नाही, ती आपल्याला आयती मिळाली आहे, आणि भाड्याच्या पावतीपुस्तकात तिच्यासाठी रकाना नाही.

म्हणून पुढील सभेत आम्ही जी सूचना मांडणार आहोत ती दोन्ही बाजूंस थोडी कडू लागेल. शनिवार-रविवारी व मुहूर्ताच्या दिवशी मंडप भाड्याने द्यावा. सभासद असो वा नसो, जात-धर्म न विचारता, एकच दराने द्यावा. आणि ज्याला दर झेपत नाही त्याचा अर्ज विश्वस्तांनी सभेत वाचून न दाखविता मंजूर करावा. उरलेल्या पाच संध्याकाळी, कितीही मोठे भाडे देऊ केले तरी, मंडप कोणासही देऊ नये; दार सहा ते साडेनऊ उघडे असावे. मानधनवाढीचा प्रश्न या भाड्याशी जोडू नये, तो वेगळा घ्यावा. हे शेवटचे आम्ही तीर्थरूपांना विचारूनच लिहिले आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, लिही.

पाच संध्याकाळी तेथे बसणार कोण, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. आमच्यापुरते सांगावयाचे तर मंगळवार व गुरुवार आम्ही घेतो. त्या दिवशी दिवा लावणे, माठ भरणे आणि साडेनऊपर्यंत थांबणे आमच्याकडे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार यांसाठी ज्या सभासदांस नाव द्यावयाचे असेल त्यांनी कार्यालयातील वहीत लिहावे. वही दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवली आहे. पेन्सिल दोरीने बांधलेली आहे, कारण मागील दोन हरवल्या.